चिंचेसाठी चोवीस इंची

आमच्या पार्किंगमध्ये पहाटे धुकं उतरतं. त्या धुक्यात उभी असलेली स्कूटर बसलेल्या म्हशीसारखी दिसते.

*

झोक्याचा दोर आधी भिजवून घेतात. वाळला की तो फांदी सोडत नाही.

*

"लांब पट्टी म्हणजे ताकद नव्हे, काका. ताकद इंजिनात."

*

स्वप्नात मी कृष्णेच्या पुलावरून चाललो आहे. हातात लाकूड कापायचं मशीन आहे, ते सुरू आहे, पण आवाज पिठाच्या गिरणीचा येतो. समोरून येणारे लोक थांबून डबे पुढे करतात. मी त्यांना गहू दळून देतो. कुणालाच नवल वाटत नाही.

*

"मेलंय का?"

"पडलंय."

"ते मी विचारलं नाही."

*

सुट्टीच्या दिवशी विळ्याला काय वाटत असेल?

*

या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध आहे, असं मी बायकोला, रेश्माला, सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आधी दुधाखालचा गॅस बंद करा."

तर लाकूड. आमच्या गावात (नाव सांगत नाही, भावकी वाचते) दसऱ्याला देवीचा महाप्रसाद असतो. गव्हाची खीर. ती गुऱ्हाळाच्या काहिलीत शिजते, आणि त्या काहिलीखाली पहाटे पहिलं लाकूड लावायचा मान आमच्या घराचा आहे. एकच लाकूड. बाकीची गाडीभर लाकडं कुणीही आणावीत, त्यांना कुणी नाव-गाव विचारत नाही. पण पहिलं आमच्याच रानातलं हवं आणि शेवटची पंगत उठेपर्यंत त्यात धग हवी. ते विझलं, किंवा आलंच नाही, तर मान पुढच्या घराकडे जातो. पुढचं घर लालासाहेबदादाचं. दादा माझा चुलतभाऊ, सैन्यातून सुभेदार होऊन परतलेला, आणि अजूनही अंगणात उभा राहिला तरी पाहणी करायला आल्यासारखा उभा राहतो.

आजवर हे काम माझे वडील, आबा, करत. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी नकार दिला. आबा आमच्याकडे सांगलीत, विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर राहतात. गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या रस्त्याकडे असे बघतात, जणू त्याला पाणी द्यायची पाळी आज त्यांची आहे. ते काही मागत नाहीत. फक्त अर्धं वाक्य बोलतात. "पहिलं लाकूड गेलं की मग..." आणि उरलेलं वाक्य गॅलरीबाहेर सोडून देतात. ते कुठेतरी गुलमोहरात अडकून राहतं आणि मला ऑफिसला जाताना वरून दिसत राहतं.

मी वीरधवल. विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. नावातलं वीरत्व तिथे लागत नाही.

आमच्या बांधावरची जुनी चिंच उन्हाळ्यात पडली होती. लाकूड तिचंच द्यायचं ठरलं. खोड असं की मी आणि रेश्मा दोन बाजूंनी मिठी मारून उभे राहिलो तर आमची बोटं एकमेकांना भेटणार नाहीत. (रेश्माचं म्हणणं, त्यासाठी चिंच मध्ये असायची गरज नाही.) मी दादाला फोन करून सांगितलं की यंदा मी येतोय.

"तू?" पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. "धवल्या, चिंच हाय ती. लोखंड हाय लोखंड. कुऱ्हाड उडून तुझ्याच टाळक्यात बसंल. तुला पेनानं कापायची सवय. जमत नसंल तर सांग गड्या, आमी हायच."

आमी हायच. भावकीत यापेक्षा गोड धमकी नाही. मी फोन ठेवला आणि ठरवलं, कुऱ्हाड नको. मशीन. तेही मोठं.

*

आमच्या इमारतीत कुणी काही विकत घेणार असं कळलं की पार्किंगमध्ये सभा भरते. ती कुणी बोलावत नाही.

विजेवरचं घ्या, धूर नाही. विजेवरचं नका घेऊ, बांधावर वायर कुठून नेणार, सांगलीहून? बॅटरीवरचं घ्या. बॅटरीवरचं कुंपण कापायला ठीक, चिंचेला ते गुदगुल्या करेल. माझ्या मेव्हण्याकडे महाबळेश्वरला आहे, पावसात रस्त्यावर झाड पडलं की हॉटेलवाले त्यालाच बोलावतात, पण तो कुणाला देत नाही. तुमचा मेव्हणा तुमचा फोन तरी घेतो का?

सगळ्यात शेवटी बोलले तळमजल्यावरचे धरणेंद्र अण्णा. अण्णा हळदीचे व्यापारी. त्यांच्या शर्टाच्या बाह्या कायम पिवळसर, आणि ते जिन्यातून गेले की मागे हळदीसमारंभ होऊन गेल्यासारखं वाटतं.

"घ्या की मशीन. माझा पुतण्या भरतेश, शेतीच्या अवजारांचं दुकान आहे त्याचं, त्याच्याकडनं घ्या. पण वीरधवल, माझं एक ऐकायचं."

"बोला, अण्णा."

"हिरवं असलं तर हात लावायचा नाही. आणि वाळलेलं असलं तरी कापायच्या आधी ठोकायचं. आत मुंगी असते, सरडा असतो, कोण कोण राहत असतंय. त्यांना निघायला वेळ द्यायचा. आपण नाही का, कुणाच्या घरी जाताना बेल वाजवतो?"

 यावर सभा विसर्जित झाली.

*

भरतेशच्या दुकानात फवारे, पंप, पाइप आणि मागच्या भिंतीवर ओळीने मशीनं. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि मला एकदम झोप आल्यासारखं झालं. केशरी, लाल, हिरवी. सगळी गप्प. साखळीचे दात तेलाने चमकत होते. इतकी शांत वस्तू इतका आवाज करू शकते हे खरं वाटत नव्हतं.

"झाड कसलं, काका?"

"चिंच."

"अरे बापरे. जाडी?"

मी हात पसरले. मग आणखी पसरले.

भरतेशने एक मध्यम आकाराचं मशीन काउंटरवर ठेवलं. "हे घ्या. बावन्न सीसी, अठरा इंची पट्टी. खोड पट्टीपेक्षा जाड असलं तरी बिघडत नाही. निम्मं इकडनं कापायचं, निम्मं तिकडनं. चिंचेला साखळीची धार लगेच जाते, म्हणून ही कानस जवळ ठेवायची. दर थोड्या वेळानं हात मारायचा."

"यापेक्षा मोठी पट्टी?"

"लांब पट्टी म्हणजे ताकद नव्हे, काका. ताकद इंजिनात. बारक्या इंजिनाला लांब पट्टी लावली की साखळी लाकडात रडत बसते."

"मग मोठं इंजिन आणि मोठी पट्टी."

"आहे की. पण वजन होतं त्याला. चिंचेपाशी उभं राहून तासभर धरायचं म्हणजे..." त्याने माझ्याकडे वरून खाली पाहिलं, आणि फार प्रेमाने म्हणाला, "तुमच्या अंगाला हे झेपतंय."

माणसाचा स्वाभिमान कुठे असतो याचं मी पुष्कळ चिंतन केलं आहे. तो छातीत नसतो. तो दुकानात असतो. घरी बायको म्हणते, वरचा डबा तुम्हाला निघणार नाही, तेव्हा आपण हसतो. दुकानदार तेच म्हणाला की आपण अख्खं कपाट विकत घेतो.

छताच्या हुकाला एक मशीन एकटंच लटकत होतं. बाहत्तर सीसी, चोवीस इंची पट्टी. त्याच्या खाली उदबत्ती लावलेली होती. ती खरं म्हणजे शेजारच्या फोटोसाठी होती, पण धूर मशीनभोवती फिरत होता.

"ते द्या."

"ते वखारवाले नेतात, काका."

"तेच द्या."

मग त्याने मला सगळं शिकवलं. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं. साखळीचं तेल वेगळं. हवेची जाळी स्वच्छ ठेवायची, तिच्यात धूळ गेली की मशीन श्वास घेत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कापताना फट मिटायला लागली की तिच्यात लाकडाची पाचर ठोकायची, नाहीतर पट्टी आत अडकते. मी मान हलवत राहिलो. विम्यात आहे ना. धोक्याची कलमं ऐकताना मान हलवायची आणि एकही लक्षात ठेवायचं नाही, ही माझी व्यावसायिक सवय आहे.

*

पडलेलं झाडही विचारल्याशिवाय कापू नये, असं ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं. म्हणून मी एका कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या साहेबांच्या टेबलावर एक कुंडी होती. त्यातलं रोप वाळून गेलं होतं, पण ते त्याला रोज पाणी घालत असावेत, कारण माती ओली होती.

"झाड मेलंय का?"

"पडलंय."

"ते मी विचारलं नाही. पडलेलं सगळं मेलेलं नसतं."

"उन्हाळ्यात पडलंय, साहेब. मेलंच असेल."

"असेल म्हणजे? तुम्ही कुठं असता नोकरीला?"

"विमा कंपनीत."

"मग तुम्ही असेल लिहून घेता का?"

साहेबांनी माझा अर्ज पुढे ओढला.

"पडण्याचं कारण? वारा, वीज, पूर?"

हे तीन शब्द ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. मीही लोकांना हेच तीन विचारतो. चौथं कारण आमच्याकडेही नाही.

"वारा," मी म्हणालो.

परवानगी येता येता घट बसले. घटाभोवतीचं धान उगवून बोटभर झालं तरी ती यायची होती. मशीन खोक्यात, आबांच्या पलंगाखाली. दुपारी ते झोपले की मला वाटायचं, खालून मधमाश्यांसारखी गुणगुण येते आहे आणि आबा त्या आवाजावर हळूहळू तरंगत गॅलरीकडे निघाले आहेत. अष्टमीला निरोप आला. झाड मेलेलं असल्यास तोडायला हरकत नाही.

निघताना अण्णांनी हळदीची पिशवी हातात दिली. "देवीला. आपल्याकडची सगळ्यात बारीक दळलेली. अशी हळद मिळायची नाही."

पुढच्या घोटाळ्यात अण्णांचा हेतू शुद्ध होता, आणि हळदही.

*

मी, रेश्मा, आबा आणि मशीन नवमीला सकाळी गावात पोचलो. अंगणात आबांची थोरली बहीण, दगडाबाई आत्ती, उभी होती. आत्ती वाकली आहे, पण वाट अडवायची तर तिला सरळ उभं राहायची गरज पडत नाही.

मी गाडीतून खोकं काढलं आणि थेट बांधाकडे निघालो.

"कुठं निगालास?"

"लाकूड कापायला, आत्ती."

"आज?"

"आजच. उद्या पहाटे लावायचं ना?"

"आरं, खंडेनवमी हाय आज! नवं हत्यार घिऊन आलाईस, आन् पुजा न करता चालवायला निगालास? तुज्या बापानं तुला काय शिकवलं का न्हाई?"

आबा गाडीतून उतरता उतरता थांबले आणि पुन्हा आत बसले.

तर मी विसरलो होतो. सांगलीत खंडेनवमीला आम्ही स्कूटरला हार घालतो आणि तिच्यावर बसूनच पेढे आणायला जातो. गावात तसं नाही. इथे ज्या हत्याराची पूजा झाली ते दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हलत नाही. माझं मशीन पाटावर बसलं. शेजारी विळे, कोयते, खुरपी, कुऱ्हाड, आडकित्ता, दादाची दाढीची पेटी. आत्तीने अण्णांची हळद मूठभरून घेतली आणि मशीनवर, साखळीवर, झाकणावर, जिथे जिथे फट दिसली तिथे तिथे वाहिली. वर झेंडूची माळ. वर नारळ फोडून पाणी.

"जरा कमी, आत्ती," मी म्हणालो.

"मोठं हाय ते. त्याला जास्त लागतंय."

लालासाहेबदादा हात पाठीमागे बांधून बघत होता. "किती इंची?"

"चोवीस."

"चोवीस." त्याने मान डोलावली. "उद्या पाटं भेटू मग. न्हाईतर आमी हायच."

*

त्या दिवशी गावात काहीच कापलं गेलं नाही. ऊस नाही, गवत नाही, सुपारी नाही. इतकी शांतता की ओढ्याचं पाणी कुठल्या दगडापाशी वळतं ते अंगणातून कळत होतं. विळे पाटावर आडवे पडून ऊन खात होते. मी बांधाकडे गेलो. चिंच कुशीवर झोपली होती. निम्मी मुळं अजून मातीत. आणि खोडाच्या खालच्या अंगाला, सावलीत, पोपटी पालवी फुटली होती. इतकी कोवळी की तिच्यावरून नजर फिरवली तरी ती हलेल असं वाटत होतं.

साहेबांचं वाक्य मला आठवलं. अण्णांचंही. मी ठरवलं, हिरव्याला हात लावायचा नाही, शेंड्याकडच्या वाळक्या भागातूनच कापायचं. तो भागही काही कमी जाड नव्हता.

शेंड्याकडे एक मोठी फांदी असायला हवी होती, ती नव्हती. जागेवर नुसता सपाट गोल डाग. इतकी वर्षं मी नुकसानीची पाहणी करतो आहे, आणि तो डाग बघून माझ्या मनात काय आलं? वारा.

*

दसऱ्याची पहाट. उत्तरपूजा झाली. बांधावर भावकी जमली, धुकं जमलं. देवळापाशी काहील चढवलेली दिसत होती, रिकाम्या चुलीवर, चंद्र पालथा घातल्यासारखी.

मी आधी चिंचेवर ठोकलं. तीन-चारदा, मुठीने.

"काय करतोय त्यो?" मागे कुणीतरी विचारलं.

"बेल वाजीवतोय," दादा म्हणाला.

हसले सगळे. तेवढ्यात खोडाच्या पोकळीतून एक सरडा निघाला. मग मुंग्यांची ओळ, पांढरी अंडी डोक्यावर घेऊन. मग एक मुंगूस. ते बाहेर येऊन थांबलं, आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि सामान नंतर नेऊ अशा चालीने उसात गेलं. कुणी हसलं नाही.

मी मशीनची दोरी ओढली. मशीन खोकलं. पुन्हा ओढली. खोकलंही नाही.

"चोक दे की!"

"चोक काढ, चोक!"

"पेट्रोल हाय का त्यात?"

"उलटं धरलंय त्यानं."

"आवं भावजी, जरा दमानं. घामानं विझंल ते," कुणाची तरी सूनबाई.

दादाने शेवटी झाकण उघडलं. आत हवेची जाळी नव्हती, पुरणपोळी होती. नारळपाण्यात भिजलेली, सगळ्यात बारीक दळलेली हळद जाळीवर थापून वाळली होती. रेश्माने आपल्या दात घासायच्या ब्रशने ती खरवडली. (तो ब्रश आजही पिवळा आहे. विषय काढायचा नाही.) मी पुन्हा दोरी ओढली आणि मशीन असं गरजलं की उसातून बगळे उडाले, आणि पिवळा ढग माझ्यावर, दादावर, सगळ्या भावकीवर उतरला. क्षणभर आम्ही सगळे नवरदेव होतो.

मग मी कापलं. खरंच कापलं. चोवीस इंची पट्टी चिंचेत शिरली, तांबूस भुसा धुक्यात उडाला आणि माझे हात, खांदे, दात, सगळं एकाच लयीत थरथरू लागलं. मला कृष्णेवरचा पूल आठवला. मी दळत होतो. सगळ्या गावाचं दळण मी देत होतो. अर्ध्यापर्यंत आलो, आणि चिंचेने झोपेत कूस बदलावी तसा शेंडा किंचित खाली बसला. फट मिटली. पट्टी आत. मशीन बंद.

पाचर, असं मला त्या वेळी आठवलं.

मी ओढलं. मशीनला लटकलो. पाय खोडाला लावून ओढलं. मशीन चिंचेत रोवलेलं, मी मशीनला लोंबकळलेलो, आणि देवळाकडून गुरवाची हाक आली, "लाकूड आणा! फटफटाय लागलं!"

गाडीत पुढच्या सीटवर आबा काच खाली करून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काहिलीकडे पाहिलं.

"पहिलं लाकूड गेलं की मग..." ते म्हणाले. आणि त्या पहाटे, गॅलरी नव्हती म्हणून असेल, त्यांनी वाक्य पुरं केलं. "मग आपल्याच गावात पावण्यासारकं जेवाय बसावं लागतंय."

मी हात सोडले.

दादा आपल्या गोठ्याकडे गेला आणि दोघा गड्यांच्या खांद्यावर एक ओंडका घेऊन आला. गोणपाटात गुंडाळलेला. जाड, वाळलेला, कुऱ्हाडीने नीट तासलेला. आम्ही सगळे मागोमाग देवळापाशी गेलो, रेश्माने आबांना गाडीतून आणलं. दादाने गोणपाट काढलं. "घ्या," तो गुरवाला म्हणाला. "यंदापास्नं आमचं."

"थांबा," आत्ती म्हणाली.

ती ओंडक्याजवळ बसली. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नाही, म्हणून तिने हात फिरवला. एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. मध्ये एका जागी तिची बोटं थांबली. सालीत एक गुळगुळीत खोबण होती, आणि तिच्याशेजारी हातभर अंतरावर दुसरी.

"लाला, कुटनं आणलंस हे?"

"आमच्या बांधावरनं, आत्ते."

"तुमच्या बांधावर बाभळी हायत्या. ही चिंच हाय. आन् ह्यो माज्या झोक्याचा वळ हाय. पंचमीला ह्याच फांदीला दोर बांदायचो आमी. भिजवून बांदायचो. आबा झोकं द्यायचा, मी हिकडनं वड्याच्या पार जायाची." तिने दोन्ही खोबणींत एकेक हात ठेवला, जणू दोर अजून तिथे होता. "ही आमची फांदी हाय."

 दादा ताठ उभा होता. कानांच्या पाळ्या हळदीतूनही लाल दिसत होत्या.

"मग मी काय म्हंतोय?" तो म्हणाला. "तुमचीच हाय. तुमच्यासाटीच झाकून ठिवली हुती. पावसात भिजली असती."

"गोणपाटात?" मी विचारलं.

"मग काय शालीत ठिवू?" तो माझ्यावर ओरडला. "तू येनार चोवीस इंची घिऊन! कुनीतरी सोय करायला नगो? म्हनलं नव्हतं का, आमी हायच?"

आबा गाडीतून उतरले. गुडघ्यांना न विचारता. ओंडक्याचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. आत्ती म्हणाली, "वळ वर ठिवा. खाली नगो." आम्ही वळ वर ठेवला.

खीर झाली. पंगतीवर पंगती उठल्या. दादा वाढत होता आणि माझ्या पानात त्याने जरुरीपेक्षा जास्त तूप घातलं. मी जास्त घेतलं. मशीन बांधावरच होतं, चिंचेत अर्धं, दांड्यावर झेंडूची माळ, आणि त्याच्या खाली पोपटी पानं. शेवटची पंगत उठली तेव्हा ओंडक्यात लाल धग होती. आत्ती चुलीपाशी पाटावर बसली होती. डोळे मिटलेले. ती अगदी थोडी पुढे-मागे होत होती.

चिंच पडली त्या दुपारी वारा अजिबात नव्हता, वीजही नाही आणि पूरही नाही.